मोबिलिटी स्कूटर: रस्त्यावर की फुटपाथवर? वाचकांचे प्रश्न

चालणं अवघड झालेल्या माणसाला बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर घराबाहेर काढते, आणि बाहेर पडताच पहिला वाद जागेवरून होतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांकडून आणि त्यांच्या इथल्या नातेवाइकांकडून आलेले प्रश्न बहुतेक त्याच वादाभोवती फिरतात, म्हणून यावेळी ते एकत्र घेतले आहेत. नियम दिले आहेत ते इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचे. यंत्राबद्दल लिहिलं आहे ते मात्र स्कूटर कुठेही चालवली तरी तसंच लागू पडतं.

प्रश्न : सासऱ्यांकडे ताशी ८ मैल वेगाची स्कूटर आहे. फुटपाथवरून गेले की शेजारी सुनावतात, "ही रस्त्याची गाडी आहे." रस्त्यावर उतरले की मागचा मोटारवाला हॉर्न वाजवून फुटपाथकडे बोट दाखवतो. खरं कोणाचं?

उत्तर : दोघांचंही नाही. सासऱ्यांची स्कूटर तिथल्या वर्गवारीत 'क्लास ३' मध्ये येते. या वर्गाला रस्त्यावर ताशी ८ मैल (सुमारे १२.८ किमी) आणि फुटपाथवर ताशी ४ मैल (६.४ किमी) अशी दोन्हीकडे परवानगी आहे. १९८८च्या नियमांनुसार क्लास ३ स्कूटरमध्ये वेग ४ मैलांवर रोखणारी सोय असावीच लागते. हँडलवर कासव आणि सशाचं चित्र असलेलं बटण असतं, ते हेच. फुटपाथवर कासव हा कायदा आहे, सौजन्य नव्हे. 'क्लास २'ची छोटी स्कूटर मुळातच ४ मैलांच्या वर जात नाही. तिने फुटपाथ असेल तिथे फुटपाथच धरायचा आणि नसेल तिथे जपून रस्त्याने जायचं.

परवानगी दोन्हीकडे असली तरी आमचं मत फुटपाथच्या बाजूने आहे, आणि हायवे कोडही (ब्रिटनमधली रस्त्याच्या नियमांची सरकारी पुस्तिका) तेच सांगतो: फुटपाथ उपलब्ध असेल तर तो वापरा, तो रस्त्यापेक्षा सुरक्षित आहे. आता यामागचं गणित पाहू. स्कूटर ८ मैलांनी चालली आहे आणि मागून ताशी ३० मैलांनी मोटार येते आहे. दोघांतलं अंतर सेकंदाला जवळजवळ १० मीटरने कमी होतं. ड्रायव्हरला स्कूटर ५० मीटरवर दिसली, तर त्याच्या हातात ५ सेकंद असतात. २० मैलांची मर्यादा असलेल्या गल्लीत हेच ५० मीटर ९ सेकंदांत संपतात. ६० मैलांच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर २ सेकंदांत. हायवे कोडमध्ये ताशी ६० मैलांना थांबायचं अंतर ७३ मीटर दिलेलं आहे, त्यामुळे वळणापुढे ५० मीटरवर असलेली स्कूटर त्या ड्रायव्हरला दिसूनही फारसा उपयोग नाही. सायकलस्वार निदान उंच दिसतो आणि प्रसंगी बाजूला उडी मारतो. स्कूटरवरच्या माणसाचं डोकं मोटारीच्या छताच्याही खाली असतं, आणि उडी मारता येत नाही म्हणूनच तर स्कूटर घेतलेली असते.

म्हणून सासऱ्यांनी संपूर्ण वाटेसाठी एकच निर्णय करू नये, तुकड्यातुकड्याने ठरवावं. फुटपाथ दीड मीटर किंवा जास्त रुंद आहे, वर फार वर्दळ नाही, दोन्ही टोकांना उतरती कड (रस्त्याच्या पातळीला उतरवलेली फुटपाथची कड) आहे: फुटपाथ. कचऱ्याच्या डब्यांनी आणि खांबांनी जागा मीटरभरच उरली आहे, फरश्या उखडल्या आहेत, पण शेजारची गल्ली २० मैलांची आणि सरळ आहे: तेवढ्यापुरता रस्ता. ४० किंवा जास्त मैलांचा रस्ता आणि फुटपाथ नाही: लांबचा फेरा पडला तरी दुसरी वाट. ही पाहणी आधी कोणीतरी पायी करून यावी. गाडीत बसून ती होत नाही, कारण गाडीतून फुटपाथची कड दिसतच नाही.

शेजाऱ्यांना एवढंच सांगता येईल की बटण कासवावर आहे. ते तसं खरंच असेल, तर बोलणं तिथेच संपतं.

प्रश्न : वापरलेली स्कूटर विकत घेत आहोत. विकणारा म्हणतो, "रस्त्यावर चालते." पाहायचं काय?

उत्तर : 'चालते' आणि 'चालवायची परवानगी आहे' यांतला फरक. क्लास ३ साठी वेग ८ मैलांपेक्षा जास्त नसावा, रुंदी ०.८५ मीटरच्या आत असावी आणि रिकाम्या स्कूटरचं वजन १५० किलोच्या आत. २०१५च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय उपकरणं बसवलेली असतील तर २०० किलोपर्यंत चालतं. याशिवाय पुढचे-मागचे दिवे, रिफ्लेक्टर, चारही एकदम लुकलुकवता येणारे इंडिकेटर, हॉर्न, मागचं दाखवणारा आरसा आणि नीट पकडणारा ब्रेक हवा. विकणाऱ्यासमोर प्रत्येक दिवा लावून पाहा. बल्ब गेलेला स्वस्तात बदलतो, पण हँडलच्या सांध्यात घासून तुटलेली वायर शोधायला अर्धा दिवस जातो. हँडल मागे-पुढे कलवताना इंडिकेटर मध्येच बंद पडला तर दोष तिथेच समजा.

क्लास ३ स्कूटर रस्त्यावर न्यायची तर डीव्हीएलएकडे (वाहनांची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेकडे) नोंदणी लागते. नव्या वाहनासाठी व्ही ५५/४ आणि वापरलेल्यासाठी व्ही ५५/५ हा फॉर्म आहे. रोड टॅक्सची रक्कम शून्य आहे, ड्रायव्हिंग लायसन्स लागत नाही, एमओटी (वाहनाची वार्षिक तपासणी) लागत नाही, पण नोंदणी टळत नाही. आधीच्या मालकाने ती केली असेल तर कागद मागून घ्या. चालवणाऱ्याचं वय क्लास ३ साठी किमान १४ हवं.

कोणाला सर्रास ठाऊक नसलेली एक गोष्ट: ही वाहनं अपंग व्यक्तींसाठीच आहेत. धडधाकट माणसाने स्कूटर दाखवण्यासाठी, शिकवण्यासाठी किंवा दुरुस्तीला नेण्यासाठी चालवली तर चालतं. आजोबांची स्कूटर घेऊन नातू दूध आणायला गेला, तर चालत नाही.

प्रश्न : आमच्या रस्त्यावर फुटपाथ आहे, पण कोपऱ्यावर एका बाजूला उतरती कड आहे आणि समोरच्या बाजूला नाही. आई समोरची कड तशीच चढवून जाते. एकदा स्कूटर मागे झुकली. कड चढायची बरोबर पद्धत कोणती?

उत्तर : आधी हे स्पष्ट करतो की पूर्ण उंचीची कड चढूच नये. तिथली नेहमीची कड रस्त्यापासून साधारण १०० ते १२५ मिलिमीटर उंच असते. गाडीच्या डिकीत मावणाऱ्या छोट्या स्कूटरला जेमतेम ५ सेंटिमीटर झेपतात, मोठ्या स्कूटरलाही बहुधा ७ ते १०. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत असतो. तो काढा, मोजपट्टी घेऊन कोपऱ्यावर जा आणि कड मोजा. आकडा जास्त निघाला तर पद्धतीचा प्रश्नच उरत नाही. अपंगांना सोयीच्या बांधणीसाठी सरकारने जी मार्गदर्शिका काढली आहे, तिच्यात उतरती कड रस्त्याशी सपाट, फार तर ६ मिलिमीटर वर, अशी अपेक्षा आहे.

आकड्यात बसणारी छोटी पायरी चढायची असेल तर अशी. स्कूटर कडेशी काटकोनात उभी करा. तिरपी नेली की पुढचं एक चाक आधी चढतं, स्कूटर बाजूला कलते आणि तीनचाकी असेल तर तोल तिथेच जातो. कडेपासून अर्धा मीटर मागे थांबा, वेगाची चकती खालच्या आकड्यावर ठेवा, पाठ सोडून पुढे झुका आणि एकसारख्या दाबाने हँडलवरचा, स्कूटर पुढे नेणारा लीव्हर दाबून ठेवा. पुढची चाकं चढतील, मग क्षणभर स्कूटर अडल्यासारखी होईल. घोटाळा होतो तो याच क्षणी. घाबरून लीव्हर सोडला की मोटर थांबते, विद्युत-चुंबकीय ब्रेक आपोआप लागतो, आणि पुढची चाकं वर, मागची खाली अशा अवस्थेत सगळं वजन मागे जातं. तुमच्या आईंच्या बाबतीत बहुधा हेच झालं असावं. मागची चाकं वर येईपर्यंत लीव्हर सोडायचा नाही. पाठीला अडकवलेली भाजीची पिशवीसुद्धा इथे वैरीण ठरते, कारण ती तोलाचा बिंदू मागच्या चाकांकडे ओढते. सामान पुढच्या टोपलीत किंवा सीटखाली ठेवा.

मागच्या बाजूला जी दोन पिटुकली चाकं असतात ती उलटण्यापासून वाचवतात. ती अडतात म्हणून काढून टाकणारे लोक आहेत. काढू नका.

उतरताना उलट करायचं: सीटला पाठ टेकवून, सरळ, सगळ्यात कमी वेगाने. रिव्हर्समध्ये कड उतरवायची नाही, आणि काही जणांची सवय असते तसं एक चाक आधी खाली सोडून 'अंदाज' घ्यायचा नाही. उतरत्या कडेच्या पायथ्याशी गटाराची जाळी असेल तर तिच्या फटी कोणत्या दिशेने आहेत ते पाहा. फटी चाकाला समांतर असतील तर पुढचं छोटं चाक आत बसतं.

आता मूळ अडचण. समोरची कड उतरती नसेल तर आईंनी अलीकडची उतरती कड वापरून रस्ता ओलांडायला जाऊच नये, कारण पलीकडे पोहोचल्यावर त्या रस्त्यातच अडकतात. दोन्ही बाजूंना कड उतरवलेली जागा पुढे-मागे कुठे आहे ते शोधून ठेवा. त्याच वेळी तुमच्या काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) रस्ते विभागाला लिहा. नेमका कोपरा, दोन्ही बाजूंचे फोटो, कडेची मोजलेली उंची, आणि तिथून कोण जातं. "फुटपाथ खराब आहेत" असं मोघम पत्र फायलीत पडून राहतं. "अमुक कोपरा, पश्चिम बाजू, कड ११० मिलिमीटर" असं लिहिलं की कोणाला तरी जाऊन मोजावं लागतं.

प्रश्न : उतरती कड आहे, पण तिच्यासमोर रोज मोटार उभी असते. फुटपाथवर दोन चाकं चढवून लावलेल्या गाड्या तर विचारूच नका.

उत्तर : उतरवलेल्या कडेसमोर गाडी लावू नये, असं हायवे कोड स्पष्ट सांगतो आणि काउन्सिलला त्याबद्दल दंड करता येतो. फुटपाथवर गाडी चढवणं लंडनमध्ये १९७४च्या कायद्यापासून बंद आहे. स्कॉटलंडने २०१९च्या वाहतूक कायद्यात बंदी आणली आणि डिसेंबर २०२३ पासून स्थानिक संस्था दंड करू शकतात. लंडनबाहेरच्या इंग्लंडमध्ये हायवे कोड फक्त 'लावू नका' म्हणतो, आणि ही ढिलाई आम्हाला पटत नाही. फुटपाथवरची मोटार स्कूटरवाल्याला रस्त्यावर ढकलते, आणि तेही नेमकं तिथे, जिथे तिच्याआडून तो कोणालाच दिसत नाही.

अशी गाडी आडवी आली तर तिला खेटून रस्त्यावर उतरू नका. मागे वळा, शेवटच्या उतरत्या कडेवरून रस्त्यावर या आणि गाडीच्या बरंच आधीपासून रस्त्यावर दिसत राहा. वळायला जागा नसेल तर रिव्हर्स, पण मान वळवून. नुसत्या आरशावर नको.

प्रश्न : मी पायी फिरणारा. दोनदा मागून स्कूटरने घोट्याला ठोकर दिली. या लोकांना फुटपाथवरून हाकलावं असं माझं मत आहे. चूक आहे का?

उत्तर : राग चूक नाही, उपाय चूक आहे. फुटपाथवर पहिला हक्क चालणाऱ्याचा, हे हायवे कोडातच आहे. स्कूटरवाल्याने तुमच्या मागे वेग कमी करायचा आणि तुम्ही बाजूला होईपर्यंत थांबायचं. हॉर्न किंवा "जरा वाट देता?" ही विनंती असते, पुढे घुसण्याचा परवाना नाही.

तुम्हाला ठोकर का बसते ते मात्र समजून घ्या. ताशी ४ मैल हा घाईत चालणाऱ्या माणसाचा वेग. तुम्ही रमतगमत चालत असाल तर स्कूटर तुमच्यापेक्षा वेगात असते, आणि तिचा आवाज जवळजवळ येतच नाही. तुम्ही फोन काढायला मध्येच थांबता, स्कूटरवाला दचकतो. दचकल्यावर माणसाची मूठ आवळली जाते. सायकलवर मूठ आवळली तर ब्रेक लागतो. बहुतेक स्कूटरवर मूठ आवळली तर लीव्हर दाबला जातो आणि गाडी पुढे उसळते. थांबायचं असेल तर हात *सोडायचा* असतो, आणि आयुष्यभर सायकल-मोटार चालवलेल्या माणसाला हे अंगात भिनवायला वेळ लागतो. नव्या चालकाने मोकळ्या जागी रिकाम्या खोक्यांमध्ये रोज २० मिनिटं, आठवडाभर, फक्त 'हात सोडून थांबणं' घोटावं.

वेगाचं म्हणाल तर फरक दिसतो त्याहून मोठा आहे. स्कूटर १५० किलोची आणि माणूस ९० किलोचा, म्हणजे एकूण २४० किलो. ४ मैलांना त्यांच्या धडकेत सुमारे ३८० ज्यूल ऊर्जा असते, ८ मैलांना १५०० च्या वर. वेग दुप्पट, तडाखा चौपट. फुटपाथवर सशाचं बटण लावून जाणाऱ्याची तक्रार जरूर करा. मोटारीचे नेहमीचे कायदे स्कूटरला लागू होत नसले तरी बेदरकारपणे वाहन चालवून कोणाला इजा केली तर इंग्लंड-वेल्समध्ये १८६१च्या, व्यक्तीविरुद्धच्या गुन्ह्यांच्या कायद्याखाली खटला होऊ शकतो. घोडागाडीच्या काळातलं कलम आहे, पण अजून जिवंत आहे.

स्कूटर असलेल्या वाचकांनी यातून एक घ्यावं. विमा सक्तीचा नाही, तरी दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा काढाच.

प्रश्न : सायकलींच्या लेनमधून गेलं तर? ना मोटारी, ना पादचारी.

उत्तर : केवळ सायकलींसाठी राखलेल्या लेनमध्ये आणि बसच्या लेनमध्ये परवानगी नाही. पादचारी आणि सायकली दोघांसाठी असलेल्या सामायिक वाटेवर ४ मैलांनी जाता येतं. नेदरलँड्समध्ये अशा वाहनांना सायकलमार्ग खुला आहे आणि ती व्यवस्था आम्हाला अधिक शहाणपणाची वाटते. ब्रिटनमध्ये मात्र ती नाही.

प्रश्न : रस्त्याने जाणं भागच असेल तर नेमकं कुठून चालवायचं? उजवीकडे वळताना फार भीती वाटते.

उत्तर : वाहनं ज्या दिशेने जातात त्याच दिशेने, डाव्या कडेपासून अर्धा-पाऊण मीटर आत. कडेला अगदी चिकटून गेलात तर गटाराची झाकणं आणि काचा चाकाखाली येतात, शिवाय मागच्या ड्रायव्हरला वाटतं की याच लेनमधून निसटून जाता येईल. उभ्या मोटारींच्या रांगेशेजारून जाताना दार उघडेल एवढी जागा सोडा. प्रत्येक दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर करू नका, एकाच रेषेत राहा.

उजवं वळण भीतिदायक आहे हे खरंच. ८ मैलांच्या स्कूटरने रस्त्याच्या मधोमध सरकून इंडिकेटर देत थांबणं म्हणजे दोन्हीकडच्या वाहनांच्या मध्ये बसणं. तसं करायला कायदा अडवत नाही, पण करू नका. चौकाच्या आधी उतरती कड गाठून फुटपाथवर जा, कासव लावा, आणि पादचाऱ्यासारखे दोन टप्प्यांत ओलांडा: आधी एक रस्ता, मग दुसरा. शक्य तिथे सिग्नल असलेलं ओलांडणं निवडा. मोठ्या वर्तुळाकार चौकालाही हाच उपाय. ७ मीटरचा रस्ता कासवाच्या वेगाने ओलांडायला ४ सेकंद लागतात, त्यात सुरुवातीची संथ हालचाल धरून ६ समजा. घाईने ससा लावू नका, कारण पलीकडची कड ८ मैलांनी गाठणं हे मोटारीइतकंच धोक्याचं.

मोटरवेवर बंदी आहे. दुभाजक असलेल्या ड्युअल कॅरेजवेवर क्लास ३ नेली तर लुकलुकणारा पिवळा दिवा लागतो, आणि ५० मैलांपेक्षा जास्त मर्यादा असलेला असा रस्ता टाळावा अशी सूचना आहे. आम्ही म्हणू, कुठलाच ड्युअल कॅरेजवे नको. अंधार पडल्यावर दिवे तर लागतातच, पण दिवसाही लावा. मागे लवचीक काठीवर केशरी झेंडा बसवला तर तो उभ्या मोटारींच्या वरून दिसतो. इतक्या साध्या वस्तूचा एवढा उपयोग दुसऱ्या कशाचा नाही.

प्रश्न : माहितीपत्रकात एका चार्जमध्ये ३० मैल लिहिलं होतं. वडील १३ मैलांवर चढावर अडकले. बॅटरी खराब आहे का?

उत्तर : असेलच असं नाही. जाहिरातीतला आकडा सपाट रस्ता, नवी बॅटरी, सौम्य हवा आणि मध्यम वजनाचा माणूस धरून काढलेला असतो. प्रत्यक्षात निम्मा धरा, आणि त्या निम्म्याचाही अर्धा भाग परतीसाठी राखा. म्हणजे '३० मैल' लिहिलेल्या स्कूटरवर घरापासून सातएक मैलांपलीकडे जायचं नाही. हिवाळ्यात त्याहून कमी, कारण शिसं-आम्लाची बॅटरी गोठणबिंदूजवळ आपल्या क्षमतेचा साधारण पाचवा हिस्सा गमावते. टायरमध्ये हवा कमी असेल तर तीही तितकंच खाते, आणि स्कूटर एका बाजूला ओढायला लागते.

बहुतेक स्कूटरमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. दोन्ही एकदम बदलायच्या. एक नवी, एक जुनी ठेवली की जुनी आधी रिकामी होते आणि नवीलाही घेऊन बुडते. वापरलेल्या प्रत्येक दिवशी रात्रभर चार्ज करा, चार्जरचा दिवा हिरवा होईपर्यंत काढू नका. अर्धवट रिकामी बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि ती गेलेली क्षमता परत येत नाही. खरी स्थिती सपाटीवर थांबून दिसत नाही. चढ चढताना हँडलवरचा काटा पाहा. तिथे तो लाल पट्ट्यात कोसळत असेल आणि थांबल्यावर पुन्हा वर येत असेल, तर बॅटरी म्हातारी झाली.

अडकल्यावर वडिलांनी काय केलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण एक गोष्ट कधीच करू नये. मागच्या चाकांजवळ एक लीव्हर असतो, तो फिरवला की मोटर सुटी होते आणि स्कूटर ढकलता येते. त्याच वेळी ब्रेकही सुटलेला असतो. १ : १२ च्या उतारावर माणूस धरून २४० किलोची स्कूटर सुमारे २० किलोच्या जोराने खाली ओढते. वर बसून हा लीव्हर कधीही काढायचा नाही आणि चढावर तर हातच लावायचा नाही. चावी बंद करून, माणसाला उतरवून, सपाट जागी दोघांनी ढकलावं. ढकलून झाल्यावर लीव्हर परत जागेवर आला का ते पाहा, नाहीतर स्कूटर पुन्हा सुरू होणार नाही आणि तुम्ही बिघाड शोधत बसाल.

प्रश्न : तीन चाकं की चार? दुकानदार म्हणतो तीनचाकी सहज वळते.

उत्तर : वळते. म्हणूनच ती घरात आणि दुकानांतल्या बोळांत बरी. रस्त्यावर जायचं असेल तर चार चाकं घ्या. तीनचाकीचा पाया त्रिकोणी असतो, त्यामुळे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी, जिच्यावरून ती उलटते ती रेघ बसणाऱ्याच्या तोलाच्या बिंदूजवळून जाते. पाणी वाहून जावं म्हणून फुटपाथ रस्त्याकडे थोडा कललेला असतोच. त्यात खालच्या बाजूला घसरत असताना चढाकडे झटक्यात हँडल वळवलं की वजन बाहेर फेकलं जातं. दीड मीटर त्रिज्येचं वळण ४ मैलांनी घेतलं तर बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या हिश्शाएवढा असतो. तेच वळण ८ मैलांनी घेतलं तर जवळजवळ गुरुत्वाकर्षणाएवढा, आणि तेव्हा चार चाकंही वाचवत नाहीत. काही मॉडेलमध्ये हँडल वळताच वेग आपोआप उतरतो. दोन मॉडेलांत अडून बसला असाल तर हे असलेलं घ्या.

प्रश्न : बसमध्ये नेता येते का?

उत्तर : क्लास ३ नाही. क्लास २ची छोटी, ६०० मिमी रुंद आणि १००० मिमी लांबीच्या आतली, १२०० मिमीत वळणारी असेल तर बऱ्याच बस कंपन्या घेतात. बहुधा त्या आधी स्कूटर पाहून पास देतात, म्हणून विकत घेण्याआधी कंपनीला विचारा.

प्रश्न : लग्नाहून परतताना थोडी घेतलेली असेल तर? मोटार तर नाही ना ही.

उत्तर : मोटार नाही हे बरोबर. १९७०च्या एका कायद्याने या स्कूटरना मोटारवाहनांच्या बहुतेक नियमांतून वगळलं आहे. पण १८७२चा मद्यविक्रीचा कायदा नशेत 'गाडी' ताब्यात असणं गुन्हा मानतो, आणि इंग्लंड-वेल्समध्ये तो स्कूटरला लागू पडतो. टॅक्सी बोलवा.

प्रश्न : वडिलांची नजर अधू होत चालली आहे. लायसन्स लागत नाही म्हणून स्कूटर चालवू द्यावी का?

उत्तर : क्लास ३ साठी डोळ्यांची सक्तीची परीक्षा नाही, पण १२.३ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता यावी अशी शिफारस आहे. घरासमोर उभ्या गाडीपासून मोजपट्टीने १२.३ मीटर मोजा, खडूची रेघ मारा आणि वडिलांना चष्म्यासह वाचायला सांगा. नेहमीची, पाठ असलेली गाडी घेऊ नका. दुपारी एकदा आणि दिवेलागणीला एकदा असं दोनदा करा. दुपारी वाचता येतं पण सांजेला नाही, असं झालं तर अंधार पडण्याच्या तासभर आधी घरी परतायचं ठरवा. दोन्ही वेळा नाही आलं तर रस्ता बंद. फुटपाथवरही आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन यावं. मान वळवता येते का तेही त्याच वेळी पाहा. सीटवर बसवून मागे उभं राहा आणि किती बोटं दाखवली ते विचारा. मान वळत नसेल तर दोन्ही बाजूंना रुंद आरसे लावा. रिव्हर्स करायची वेळ येणार नाही अशा वाटा निवडा.